सर्पगंधा : लोकपरंपरा आणि विज्ञानाची कसोटी

भारतातील वनौषधींपैकी ज्यांचा गुण आधुनिक वैद्यकाने प्रयोगान्ती मान्य केला, एवढेच नव्हे तर ज्यांच्या अभ्यासामुळे त्या वैद्यकाच्या ज्ञानातही मोलाची भर पडली, अशा वनस्पती थोड्याच आहेत. सर्पगंधा ही त्यांतील एक अग्रगण्य वनस्पती होय. बिहार व बंगालमधील खेड्यांत वेडावरची मुळी म्हणून जी पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, तिनेच विसाव्या शतकाच्या मध्यास उच्च रक्तदाबावरील उपचारांचे एक नवे पर्व सुरू केले. या कार्यात मुंबईतील एका हृदयरोगतज्ज्ञाचा वाटा फार मोठा होता, ही गोष्ट महाराष्ट्राला अभिमानास्पद आहे.

तथापि सर्पगंधेचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढ व्यक्तींमध्ये उच्च रक्तदाब आढळून आला. अशा वेळी रक्तदाबावरील 'जंगलातील मुळी' लोकांना आकर्षक वाटल्यास नवल नाही. वनौषधी म्हणजे निरुपद्रवी औषध, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. सर्पगंधेचा इतिहास या समजाला छेद देतो. तिच्यात गुण आहे हे ज्या प्रयोगांनी सिद्ध केले, त्याच प्रयोगांनी ती किती सामर्थ्यवान आणि म्हणून किती जपून वापरावयाची वस्तू आहे, हेही दाखवून दिले. गावपातळीवर काम करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी या दोन्ही बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

वनस्पतीची ओळख

सर्पगंधा हे कण्हेरीच्या, म्हणजे करवीर कुलातील एक लहान, सदाहरित क्षुप आहे. त्याची उंची सामान्यतः अर्धा ते एक मीटरपर्यंत असते. पाने लांबट, टोकदार, वरून गर्द हिरवी व खालून फिकट असून ती खोडाच्या प्रत्येक पेऱ्यावर तीन किंवा चारच्या मंडलात येतात. फुले लहान, पांढरी किंवा गुलाबी छटेची असून त्यांचे देठ व संदले लालभडक असतात. त्यामुळे फुललेले रोप सावलीतही चटकन नजरेत भरते. फळे वाटाण्याएवढी, आरंभी हिरवी व पिकल्यावर जांभळट काळी, चकचकीत होतात.

औषधी भाग म्हणजे मूळ. ते जाड, वेडेवाकडे, फिकट तपकिरी सालीचे आणि चवीला अतिशय कडू असते. मुळाच्या या नागमोडी आकारावरून 'सर्पगंधा' हे नाव पडले असे काही मानतात, तर तिच्या वासाने साप दूर पळतो या समजुतीवरून ते आले असे इतरांचे म्हणणे आहे. मराठीत तिला 'अडकई' असेही म्हणतात. हिंदी भाषी प्रदेशात 'छोटा चांद' व 'धवलबरुआ' ही नावे रूढ आहेत.

हिमालयाच्या पायथ्यापासून आसामपर्यंत, तसेच पूर्व व पश्चिम घाट, कोकण, गोवा, अंदमान, श्रीलंका, म्यानमार आणि पुढे जावापर्यंत ही वनस्पती आढळते. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार-बाराशे मीटर उंचीपर्यंतची ओलसर, अर्धवट सावलीची वने तिला मानवतात. महाराष्ट्रात कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर ती नैसर्गिकरीत्या वाढते.

शास्त्रीय परिभाषेत तिला 'रौवोल्फिया सर्पेंटिना' म्हणतात. सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य व प्रवासी लिओनहार्ट राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्यूमिये यांनी १७०३ मध्ये या प्रजातीला हे नाव दिले. मौज अशी की, राउवोल्फ यांचा प्रवास सीरिया व इराक या भागांत झाला. ते भारतात कधी आलेच नव्हते.

जुने ग्रंथ आणि लोकवहिवाट

आयुर्वेदाच्या प्राचीन व मध्ययुगीन ग्रंथांत 'सर्पगंधा', 'नाकुली' व 'गंधनाकुली' ही नावे येतात आणि त्यांचा संबंध मुख्यतः विषावरील उपचारांशी जोडलेला आहे. ही नावे आजच्या सर्पगंधेचीच की दुसऱ्या एखाद्या वनस्पतीची, याबद्दल द्रव्यगुणशास्त्राच्या अभ्यासकांत एकमत नाही. उन्माद, निद्रानाश व रक्तदाब यांवरील तिची आजची ख्याती प्रामुख्याने लोकवैद्यकातून आलेली आहे. बिहारमध्ये ती 'पागल की दवा' या नावानेच ओळखली जात असे. झोप न येणाऱ्या, आरडाओरडा करणाऱ्या रुग्णास वैदू या मुळीचे चूर्ण देत आणि त्याने रुग्ण शांत होई. याशिवाय ताप, पोटदुखी, प्रसूतीतील विलंब आणि सर्पदंश यांवरही ती निरनिराळ्या प्रांतांत वापरली जात असे.

सर्पदंशावरील उपयोगाची कीर्ती युरोपपर्यंत पोहोचली होती. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील प्रसिद्ध ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात सापाच्या विषावर उपयोगी मानल्या जाणाऱ्या काष्ठौषधींचे वर्णन असून त्यांपैकी एक सर्पगंधा असावी, असे अभ्यासक मानतात. नागाशी झुंज देण्यापूर्वी मुंगूस ही वनस्पती चावून खातो, ही कथाही त्या काळी प्रचलित होती आणि ती आजही खेडोपाडी ऐकू येते.

कलकत्ता व दिल्ली येथील आरंभ

लोकवैद्यकातील या औषधाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न १९३१ मध्ये झाला. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन विकारांवर सर्पगंधेचा उपयोग होतो, असे आपल्या अनुभवाच्या आधारे प्रसिद्ध केले. गणनाथ सेन हे आयुर्वेद व पाश्चात्त्य वैद्यक या दोहोंत पारंगत होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. परंपरेतील अनुभव रक्तदाबमापकाच्या साहाय्याने आकड्यांत मांडता येतो, हे या कार्याने दिसून आले.

त्याच वर्षी दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी महाविद्यालयातील संशोधक सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतील अल्कलॉइडे वेगळी केली. अल्कलॉइडे म्हणजे वनस्पतीत तयार होणारी नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू व शरीरावर तीव्र परिणाम करणारी द्रव्ये. अफूतील मॉर्फिन व सिंकोनातील क्विनीन ही त्यांची परिचित उदाहरणे. त्या महाविद्यालयाचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ सिद्दिकी यांनी यांतील एका द्रव्यास 'अजमलीन' असे नाव दिले. हे द्रव्य हृदयाच्या लयीतील विशिष्ट आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी आजही अनेक देशांतील रुग्णालयांत वापरले जाते.

यानंतर कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून सर्पगंधेच्या रक्तदाबावरील व मज्जासंस्थेवरील परिणामांचा अभ्यास केला.

मुंबईतील कार्य

भारतात सर्पगंधेचा वापर वाढत असला, तरी जगाच्या वैद्यकाला तिची फारशी दखल घ्यावीशी वाटली नव्हती. ही परिस्थिती बदलली ती मुंबईच्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयातील, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या कार्यामुळे. अनेक वर्षे रुग्णांवर सर्पगंधेचा उपयोग करून पाहिल्यावर उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांची काळजीपूर्वक नोंदलेली निरीक्षणे त्यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या काळी उच्च रक्तदाबावर खात्रीचा उपाय जवळजवळ नव्हताच. मीठ पूर्णपणे वर्ज्य करणे, विश्रांती आणि अगदी गंभीर अवस्थेत मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया, एवढेच मार्ग वैद्यांसमोर होते. अशा वेळी बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब एका मुळीने उतरतो, ही वार्ता वैद्यकीय जगाला चकित करणारी होती.

डॉ. वकील यांच्या लेखानंतर बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत सर्पगंधेचे प्रयोग सुरू केले आणि त्यांनाही तसाच अनुभव आला. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचे लास्कर पारितोषिक आणि १९५८ मध्ये 'पद्मभूषण' हा सन्मान मिळाला. त्यांचे श्रेय मुळीचा शोध लावण्याचे नाही. ती तर लोकांना ठाऊकच होती. रुग्ण निवडावा कसा, रक्तदाब मोजावा किती वेळा आणि आढळलेले दोष लपवू नयेत कसे, ही शिस्त त्यांनी एका देशी औषधाला लावली. कर्णोपकर्णी चाललेला अनुभव त्यामुळेच जगाला पटण्याजोगा पुरावा ठरला.

एका द्रव्याचा शोध आणि त्याचे फलित

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथील सिबा या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन या शास्त्रज्ञांनी मुळीतील शामक व रक्तदाब उतरविणारे मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यास 'रेसर्पिन' असे नाव मिळाले. पुढे १९५६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांनी हे गुंतागुंतीचे द्रव्य प्रयोगशाळेत कृत्रिम रीत्या तयार केले. हे कार्य आजही रसायनशास्त्रातील एक आदर्श मानले जाते.

मनोविकारांच्या क्षेत्रातही याच सुमारास मोठी घडामोड झाली. अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी १९५३ मध्ये मनोरुग्णांवरील सर्पगंधेच्या उपयोगाची माहिती मांडली. तिची वार्ता अमेरिकेत पोहोचल्यावर न्यूयॉर्कजवळील मनोरुग्णालयातील डॉ. नेथन क्लाइन यांनी हे औषध वापरून पाहिले व १९५४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना कोंडून वा बांधून ठेवावे लागे असे रुग्ण औषधाने शांत होऊ शकतात, ही कल्पनाच तेव्हा नवीन होती. बिहारच्या वैदूंना मात्र ती पूर्वीपासून परिचित होती.

रेसर्पिनचे कार्य कसे होते, याच्या शोधातून तर वैद्यकाची एक नवी शाखाच विकसित झाली. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत संदेश वाहून नेणारी रासायनिक द्रव्ये साठविलेली असतात. रेसर्पिन या पिशव्यांत द्रव्ये भरण्याचा मार्ग बंद करते. पाटाचे पाणी शेतात पोहोचावयाचे असेल, तर आधी तलाव भरलेला हवा. येथे तलावच रिता होतो. रक्तवाहिन्यांना आकुंचन पावण्याचा संदेश क्षीण झाल्याने त्या सैल पडतात व रक्तदाब उतरतो. मेंदूतही हीच क्रिया घडत असल्यामुळे मन शांत होते व झोप येते. हा साठा पुन्हा भरून येण्यास वेळ लागतो. म्हणून औषधाचा पूर्ण परिणाम दिसण्यास दोन-तीन आठवडे लागतात आणि औषध थांबविल्यावरही तो बरेच दिवस टिकतो.

स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास सशांना रेसर्पिन दिले असता ते निश्चल झाले. मग 'एल-डोपा' हे द्रव्य देताच ते पुन्हा हालचाल करू लागले. या प्रयोगाने मेंदूतील 'डोपामिन' या द्रव्याचे महत्त्व प्रकाशात आले आणि कंपवातावरील आजच्या मुख्य उपचाराचा पाया घातला गेला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला.

पुरावा काय सांगतो

रक्तदाबाचा आकडा खाली आला म्हणजे रुग्णाचे प्राण वाचतात काय, हा प्रश्न १९६० च्या दशकापर्यंत अनुत्तरित होता. त्याचे निर्णायक उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्रीस यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या चाचण्यांनी दिले. त्यांत काही रुग्णांना तीन औषधे एकत्र देण्यात आली व त्यांपैकी एक रेसर्पिन होते. उरलेल्यांना दिसायला तशाच, परंतु निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या. कोणास काय मिळत आहे हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते. तीव्र रक्तदाबाच्या १४३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९६७ मध्ये, तर त्याहून सौम्य रक्तदाबाच्या ३८० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. औषधे घेणाऱ्यांमध्ये पक्षाघात, हृदयाची दुर्बलता व अन्य गंभीर उपद्रव पुष्कळच कमी आढळले. उच्च रक्तदाबावर उपचार करणे अत्यावश्यक आहे, हे जगाला पटविणाऱ्या औषधांत अशा रीतीने सर्पगंधेतील द्रव्याचाही समावेश होता.

अलीकडच्या काळात कॉक्रेन या संस्थेने रेसर्पिनवरील चाचण्यांचे पद्धतशीर परीक्षण केले. काटेकोर निकषांना उतरलेल्या चार चाचण्यांत एकूण २३७ रुग्ण होते. त्यांत निष्क्रिय गोळ्यांच्या तुलनेने रेसर्पिनमुळे वरचा रक्तदाब सरासरी ८ अंकांच्या आसपास अधिक उतरल्याचे आढळले. हा परिणाम इतर प्रचलित औषधांच्या तोडीचा आहे. म्हणजे औषध गुणकारी आहे, याविषयी शंका नाही. तरीही आज वैद्य ते क्वचितच लिहून देतात, याला कारणे आहेत.

गुणाबरोबर येणारी जोखीम

१९५० च्या दशकात रेसर्पिन मोठ्या मात्रेत दिले जाऊ लागल्यावर काही रुग्णांना तीव्र विषण्णतेने ग्रासल्याचे वृत्तान्त येऊ लागले. मन शांत करणारे औषध प्रमाणाबाहेर गेल्यास मनाची उभारीच हरपते, असा वैद्यांचा अनुभव होता. नंतरच्या अभ्यासकांनी यांतील काही निष्कर्षांबद्दल प्रश्न उपस्थित केले. तरी ज्यांना विषण्णतेचा विकार आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, त्यांना हे औषध देऊ नये, हा नियम कायम राहिला. नाक चोंदणे, सुस्ती, नाडी मंद होणे, अतिसार, जठरातील व्रण चिघळणे हे अन्य उपद्रव होत. गर्भवती व स्तनदा माता, कंपवाताचे व जठरव्रणाचे रुग्ण यांनी ते टाळावयाचे असते. मद्य, झोपेची औषधे व हृदयविकारावरील काही औषधे यांच्याशी त्याचा संयोग घातक ठरू शकतो. १९७४ मध्ये काही अभ्यासांनी स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सुचविला होता. पुढील अभ्यासांत त्याला पुष्टी मिळाली नाही, परंतु दरम्यान औषधाचा वापर घटला आणि अधिक सोयीची नवी औषधेही आली.

मात्रेचा प्रश्न तर विशेष महत्त्वाचा आहे. रक्तदाबासाठी रेसर्पिनची आजची दैनिक मात्रा पाव मिलिग्रॅमच्या वर नसते. सुक्या मुळीच्या एका ग्रॅममध्ये हे द्रव्य कधी अर्धा, तर कधी दीड मिलिग्रॅमपर्यंत भरते. रोपाचे वय, जमीन, काढणीचा हंगाम व साठवण यांप्रमाणे हे प्रमाण बदलते. त्यात आणखी इतर अल्कलॉइडे असतातच. सारख्या वजनाच्या दोन मुळ्यांचा परिणाम त्यामुळे सारखा होत नाही आणि घरच्या चिमटीला तर कोणतेच मोजमाप नसते. बाजारात सर्पगंधेच्या नावावर तिच्याच प्रजातीतील, पण वेगळ्या गुणधर्मांच्या वनस्पतींची मुळे मिसळली जातात, ही आणखी एक अडचण.

यास्तव सर्पगंधेचे औषध नोंदणीकृत वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, प्रमाणित स्वरूपात घेतले पाहिजे. रक्तदाबाची चालू असलेली गोळी सोडून मुळी सुरू करणे, अथवा दोन्ही एकदम घेणे, हे दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत. रक्तदाबाचा विकार बहुधा वेदना देत नाही. त्यामुळे केवळ 'बरे वाटते' यावरून तो आटोक्यात आहे, असे मानता येत नाही. तो मोजावाच लागतो आणि ही सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात उपलब्ध असते.

सर्पदंश आणि सर्पगंधा

सर्पगंधेच्या नावाशी निगडित असलेल्या उपयोगाला मात्र शास्त्राचा आधार मिळालेला नाही. सापाच्या विषाचा परिणाम या मुळीने रुग्णाच्या शरीरात नष्ट होतो, असा विश्वसनीय पुरावा नाही. मुंगसाचे रहस्यही निराळे आहे. नागाच्या विषातील घातक द्रव्य स्नायूंवरील ज्या ठिकाणी जाऊन चिकटते, त्या ठिकाणची रचनाच मुंगसाच्या शरीरात वेगळी असल्याने विषाची मात्रा चालत नाही. त्याला अंगच्या चपळाईचीही जोड असते. मुळीचा त्यात भाग नाही.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले असावेत. यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील आहेत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार मुख्य विषारी सापांच्या विषावर प्रतिविष लस उपलब्ध आहे आणि ती जितकी लवकर मिळेल तितकी रुग्ण वाचण्याची शक्यता अधिक. मुळी उगाळून पाजण्यात गेलेला अर्धा तास रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतो. त्यातच सर्पगंधेने सुस्ती येत असल्याने मण्यार वा नाग यांच्या विषाने येणारी ग्लानी ओळखण्यातही अडचण पडू शकते. दंश झालेला अवयव न हलविता, रुग्णास धीर देऊन तातडीने रुग्णालयात नेणे, हाच योग्य मार्ग आहे. शाळेतील शिक्षकांनी व ग्रामसभेत पंचायत सदस्यांनी ही एक गोष्ट जरी लोकांच्या मनावर ठसविली, तरी अनेक प्राण वाचतील.

मुळीसाठी रोपाचा बळी

आवळा, हिरडा, बेहडा यांची फळे गोळा केली तरी झाड उभे राहते. सर्पगंधेचे तसे नाही. तिचे औषध मुळात असल्यामुळे ते काढणे म्हणजे रोपच उपटणे होय. शिवाय तिच्या बियांची उगवण मुळातच कमी असल्याने उपटलेल्या रोपांची जागा नवी रोपे सहजी घेत नाहीत. जगात मागणी वाढताच १९५० च्या दशकात आपल्या वनांतून या मुळीची बेसुमार खणती झाली आणि केंद्र शासनाला कच्च्या मुळीच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. पुढे भारताच्या प्रस्तावावरून १९९० मध्ये वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटीस' या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधेचा समावेश करण्यात आला. लोकांना वनात सहज मिळणारी ही मुळी आता अनेक ठिकाणी शोधूनही सापडत नाही.

लागवडीचा मार्ग

यावर खरा उपाय लागवडीचा आहे. सर्पगंधेस सेंद्रिय द्रव्याने समृद्ध, किंचित आम्ल, पाण्याचा निचरा होणारी जमीन व काहीशी सावली मानवते. त्यामुळे नारळ-सुपारीच्या किंवा फळझाडांच्या बागेत ती आंतरपीक म्हणून घेता येते. पिकलेल्या फळांचा गर काढून बी धुऊन सुकवावे व पेरण्यापूर्वी पाण्यात टाकून पाहावे. तरंगणारे बी पोकळ असते. ते टाकून देऊन बुडालेले तेवढेच घ्यावे. बी जुने झाले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते, म्हणून ताजे बी वापरणे इष्ट. मे महिन्यात गादीवाफ्यावर पेरणी करून पावसाळा स्थिरावल्यावर रोपांची पुनर्लागण करतात. मुळांच्या व खोडाच्या छाटांपासूनही रोपे तयार करता येतात.

पीक काढणीस येण्यास सुमारे १८ महिने लागतात. हिवाळ्यात रोपाची वाढ मंदावलेली असताना मुळे खणणे फायद्याचे ठरते. कारण त्या वेळी मुळांत औषधी द्रव्यांचे प्रमाण चांगले असते. ही द्रव्ये मुख्यतः सालीत असल्याने मुळे धुताना साल खरवडली जाऊ नये. मुळे चांगली वाळवून कोरड्या जागी ठेवावीत; ओल राहिल्यास त्यांना बुरशी लागते. दीड वर्ष गुंतवणूक अडकून पडत असल्यामुळे लागवडीपूर्वी खरेदीदाराशी बोलणी करून ठेवणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २००० मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीस प्राधान्य द्यावयाच्या वनस्पतींत सर्पगंधेची निवड केलेली आहे.

ग्रामपंचायत आणि शाळा

वनातील सर्पगंधेचे रक्षण कायद्याने करता येईल, परंतु कायदा शेवटी गावातच राबवावा लागतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आवश्यक असून गावातील वनस्पती व त्यांविषयीचे ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे काम आहे. महाराष्ट्रात या कार्यासाठी नागपूर येथे राज्य जैवविविधता मंडळ आहे. सर्पगंधा आपल्या हद्दीत कोठे आहे, किती आहे, तिचा उपयोग कोण जाणतो, याची नोंद या वहीत काळजीपूर्वक झाली पाहिजे. त्या नोंदीतून गावाच्या ज्ञानावरील हक्क सुरक्षित राहतो. मात्र नेमकी ठिकाणे बाहेरच्या व्यापाऱ्यास कळणार नाहीत, याचीही दक्षता घ्यावयास हवी.

वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती व मुळे यांचा समावेश असून पारंपरिक वननिवासींना त्यांवर हक्क मिळाला आहे. त्याच अधिनियमाने वन व जैवविविधता यांच्या रक्षणाची जबाबदारीही ग्रामसभेवर सोपविली आहे. बी पडून गेल्यावरच खणती करावी, काही रोपे बियाण्यासाठी राखून ठेवावीत आणि खणलेल्या जागी मुळाचे तुकडे वा बी लावावे, असे साधे नियम ग्रामसभेस ठरविता येतील.

शाळेच्या औषधी बागेतही सर्पगंधा लावता येईल. तिची काळी चकचकीत फळे मुलांना मोहात पाडणारी असल्याने ती खाऊ नयेत, अशी पाटी मात्र शेजारी अवश्य असावी. त्या रोपाजवळ उभे राहून शिक्षकाला विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. रक्तदाब व मनाची अस्वस्थता यांविषयी वैदूंचा अनुभव खरा ठरला, सर्पदंशाविषयीचा ठरला नाही. आणि हा भेद मोजमापाने कळला. परंपरेचा आदर राखूनही तिची पारख करता येते, हे कलकत्ता, दिल्ली व मुंबई येथील संशोधकांनी स्वतःच्या कामाने दाखवून दिले. या वनस्पतीविषयी त्यांनी मिळविलेले ज्ञान ग्रंथांत सुरक्षित आहे. प्रत्यक्ष वनस्पती मात्र कोकणातल्या व सह्याद्रीतल्या रानांत टिकून राहणे, हे तेथील गावांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे.